‘स्मृती’, ‘वाटप’ आणि वहिवाट : संगणकीय परिभाषेची एक चिकित्सा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्या गाभ्यात राहून निरनिराळी उपकरणे चालविणारे ड्रायव्हर यांच्यामध्ये मेमरीच्या जागेवरून जे तंटे उद्भवतात, ते शोधून काढणे हे अभियंत्याचे काम होय. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा शोध म्हणजे प्रथमतः प्रश्न विचारण्याचा व्यवहार आहे आणि प्रश्न हे भाषेतच विचारावे लागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची वाट मोकळी केली. मराठी त्या भाषांपैकी एक आहे. तेव्हा इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द पुरविण्याचे काम आता केवळ हौसेचे राहिलेले नाही. हे प्रतिशब्द ज्या विद्यार्थ्याच्या हाती पडणार, त्याला ते बिघाडाच्या मुळाशी नेतात की बिघाडावर पांघरूण घालतात, हे पाहणे आवश्यक झाले आहे. प्रस्तुत लेखात ‘मेमरी अलोकेशन’ या संज्ञेसाठी योजिल्या जाणाऱ्या ‘स्मृती-वाटप’ या शब्दाची अशी परीक्षा करावयाची आहे. हा शब्द दोन्ही अंगांनी सदोष आहे, असे माझे मत आहे.

प्रथम ‘स्मृती’ हा घटक घेऊ. इंग्रजीतील ‘मेमरी’ हे यंत्राच्या या भागाचे पहिले नाव नव्हे. चार्ल्स बॅबेज याने १८३० च्या दशकात आपल्या नियोजित विश्लेषण-यंत्राचे दोन मुख्य भाग कल्पिले, त्यांना त्याने गिरणी आणि कोठार अशा अर्थाची नावे दिली होती. आकडे कोठारात ठेवावयाचे, तेथून गिरणीत आणून दळावयाचे आणि पुन्हा कोठारात टाकावयाचे, अशी ती कल्पना. जॉन फॉन नॉयमन याने १९४५ साली ‘एडव्हॅक’ यंत्राविषयीचा जो आराखडा लिहिला, त्यात यंत्राच्या भागांची तुलना मज्जासंस्थेशी केली आणि ‘मेमरी’ हा शब्द वापरला. पुढे तोच जगभर रुळला. इंग्लंडात मात्र ‘कोठार’ या अर्थाचा जुना शब्द पुष्कळ वर्षे टिकून होता. म्हणजे ‘मेमरी’ हे एक रूपक आहे, आणि आपण ‘स्मृती’ म्हणतो तेव्हा वस्तूचे नव्हे, तर त्या रूपकाचे भाषांतर करतो. मराठीत स्मृती ही कोणाची तरी असते. ती जागते, पुसट होते, दाटून येते. तिला हद्द नसते, क्रमांक नसतो, ती एकाकडून काढून दुसऱ्याला देता येत नाही. यंत्रातील मेमरीविषयी मात्र या शेवटच्या तीन गोष्टीच काय त्या महत्त्वाच्या आहेत.

लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा हे येथे सोयीचे उदाहरण होईल, कारण त्याचा सारा मजकूर व त्यावर झालेली बरीचशी चर्चा उघड आहे. या गाभ्यात मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची एक लांबच लांब पट्टी असते. सामान्य वापराचे कार्यक्रम एकमेकांपासून भिंतींनी वेगळे ठेवलेले असतात. एकाने दुसऱ्याच्या जागेत हात घातला, तर यंत्र त्याला तेथेच अडविते. गाभ्याच्या आत मात्र अशा भिंती नाहीत. नेटवर्कचा ड्रायव्हर, पडद्याचा ड्रायव्हर, तबकडीचा ड्रायव्हर हे सारे एकाच पट्टीवर, समान अधिकाराने वावरतात. त्यांच्या जागांमध्ये हद्दी आहेत. परंतु त्या कागदोपत्री आहेत, बांधकामाच्या नव्हेत. उपकरणांच्या जागांसाठी तर एक प्रत्यक्ष नोंदवहीच ठेवलेली असते. ड्रायव्हरने अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतचा पट्टा मागितला आणि तो आधीच कोणाच्या नावे असला, तर ‘जागा गुंतलेली आहे’ असे उत्तर मिळते. दोन ड्रायव्हरांमधला हा सर्वांत सरळ तंटा. तो दाराशीच उघड होतो, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. परंतु जो ड्रायव्हर नोंदवहीकडे न जाताच जागा वापरू लागेल, त्याला अडविण्याचे सामर्थ्य त्या वहीत नाही, एवढे मात्र ध्यानी ठेवावे.

आता ‘वाटप’. वाटप ही एकाच दिशेची क्रिया आहे. धान्याचे वाटप होते, पत्रकांचे होते, मिठाईचे होते; घेणाऱ्याने ती वस्तू परत आणून द्यावयाची, ही कल्पनाच त्या शब्दात नाही. ‘वाटणी’ म्हणावे तर तीत भाऊबंदांचे कायमचे वेगळे होणे आले. गाभ्यात मात्र जी जागा दिली जाते ती परत घेण्याच्या बोलीने दिली जाते, आणि भयंकर बिघाड होतात ते प्रायः देण्याच्या वेळी नव्हेत, तर परत करण्याच्या वेळी व त्यानंतर. ज्या क्षणाला सर्वाधिक जपावयाचे, तोच क्षण आपल्या संज्ञेने वगळला आहे.

या ठिकाणी मराठीच्या षष्ठीकडे व तिच्या शेजाऱ्यांकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. इंग्रजी भाषा ताबा, मालकी, नाते, अवयव या सर्वांसाठी बहुधा एकाच ‘असणे’वाचक क्रियापदाने काम भागविते, ‘ड्रायव्हरला मेमरी आहे’ एवढेच ती सांगते. मराठी तसे करीत नाही. ‘तिला तीन भाऊ आहेत’ असे आपण म्हणतो. ‘तिच्याकडे तीन भाऊ आहेत’ म्हटले, तर भाऊ पाहुणे म्हणून आले आहेत, असा अर्थ होतो. ‘माझ्याकडे पैसे आहेत’ हे शुद्ध. ‘मला पैसे आहेत’ हे कानाला खटकते. आणि ‘हे पैसे माझे आहेत’ हे विधान या दोहोंहून निराळे, कारण माझे पैसे तुमच्याकडे असू शकतात. ‘ला’ने अतूट संबंध, ‘कडे’ने सुटता ताबा, ‘चा’ने हक्क, अशी ही ढोबळ विभागणी आहे. तिला अपवाद पुष्कळ आहेत; ‘त्याला जमीन आहे’ आणि ‘त्याच्याकडे जमीन आहे’ ही दोन्ही वाक्ये चालतात व त्यांत अर्थाचा सूक्ष्म भेद राहतो, हे या विषयाच्या अभ्यासकांना सांगावयास नको. पाणिनीय व्यवस्थेत षष्ठीला कारकांत स्थान नाही, तिचा अर्थ क्रियेवाचून राहिलेला संबंध होय, हेही येथे सुचवून ठेवितो. हक्काचे विधान करिताना कोणी काय केले हे सांगावे लागत नाही; ताब्याचे विधान करिताना कधीपासून व कधीपर्यंत, हे विचारावेच लागते.

हा भेद जेथे रोजच्या व्यवहाराचा झाला आहे, असा एक प्रदेश म्हणजे सिंधुदुर्गातील देवगड तालुका. तेथील हापूसच्या बागांचा व्यवहार बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. कातळावरची जमीन भावकीत सामाईक असते; तीवरील कलमे मात्र घरोघर वाटून घेतलेली असू शकतात; आणि त्या कलमांचे यंदाचे फळ मोहोर दिसण्यापूर्वीच तिसऱ्या कोणा व्यापाऱ्याला कराराने दिलेले असू शकते. राखण त्याची, फवारणी त्याची, काढणी त्याची. हंगाम सरला की त्याचा हक्कही सरला. ‘ती कलमां माझी, पण औंदा त्यांच्याकडे आसत’ या धर्तीचे मालवणी वाक्य तेथे कोणालाही विरोधाभासाचे वाटणार नाही. गडग्यापलीकडे गेलेल्या फांदीचा आंबा कोणाचा, करार संपल्यावर झाडावर राहिलेल्या फळाचे काय, गेल्या वर्षीच्या करारदाराचा गडी जुन्या सवयीने यंदाही बागेत शिरला तर त्याला चोर म्हणावयाचे की विसराळू, असे प्रश्न तेथे उठतात आणि ते विचारण्यासाठी शब्दही तयार आहेत. (कर्नल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कवचातला गर असा आहे. बाठा फोडून आतला गर पाहिलेल्या देवगडच्या मुलाला ‘गाभा’ समजावून देण्यास फारसा वेळ लागू नये.)

महसुली भाषेने हे शब्द अधिक काटेकोर केले आहेत. सातबाऱ्याच्या उताऱ्यात गाव नमुना सात हा हक्कांचा आणि बारा हा पिकांचा. सातमध्ये भोगवटादार वेगळा, कूळ वेगळे, ‘इतर अधिकार’ वेगळे. हस्तांतर झाले की नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते; आणि हस्तलिखित उताऱ्यावर ज्याचा हक्क संपला त्याचे नाव कंसात जाई. ‘त्याचे नाव कंसात गेले’ हा वाक्प्रयोग तलाठी-कचेरीच्या पायरीवर ऐकलेला नाही, असा कोकणी माणूस विरळा. सातबाऱ्यावरील नोंदी नेहमी खऱ्या असतात, असे मी म्हणत नाही. त्या खऱ्या नसतात तेव्हा नेमके काय खोटे आहे हे म्हणण्याची सोय या भाषेत आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

या शब्दांची कसोटी एखाद्या खऱ्या बिघाडावर घ्यावी म्हणून २००८ सालचे एक प्रकरण येथे काहीशा विस्ताराने देतो. त्या वर्षी लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असता इंटेल कंपनीची काही नेटवर्क-उपकरणे एकाएकी निकामी होऊ लागली. ही उपकरणे ‘ई१०००ई’ या नावाच्या ड्रायव्हरने चालत. अशा प्रत्येक उपकरणाजवळ स्वतःची एक लहानशी कायम टिकणारी मेमरी असते आणि तीत त्याचा जाळ्यावरील पत्ता व इतर मांडणी नोंदलेली असते. नेमकी तीच बिघडत होती. त्यामुळे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याने काही साधत नसे. उपकरण कायमचेच मुके होई. कार्यप्रणालीच्या चुकीने प्रत्यक्ष उपकरण नादुरुस्त व्हावे, हा प्रकार विरळा. साहजिकच गडबड उडाली आणि काही वितरकांनी आपल्या चाचणी-आवृत्त्यांतून तो ड्रायव्हरच बाजूला काढून ठेविला.

संशय प्रथम ‘ई१०००ई’वर गेला. त्या जागेत लिहिण्याचा अधिकार त्याचा, जागा त्याच्या ताब्यात, तेव्हा दोषही त्याचाच, असा हा तर्क. त्यानंतर पडद्याच्या ड्रायव्हरकडे बोट दाखविण्यात आले, कारण काही तक्रारींत चित्रप्रणाली कोलमडण्याचा आणि नेटवर्क बिघडण्याचा प्रसंग एकत्र आला होता. इंटेलच्या अभियंत्यांनी मूळ कारणाची वाट न पाहता त्या कायम मेमरीला लेखनबंदीचे कुलूप घातले, आणि ९ ऑक्टोबर २००८ रोजी आवृत्ती बाहेर पडली. कुलूप घालणे हे निदान नव्हे. परंतु तेवढ्यापुरते ते योग्यच होते.

खरा दोषी दोहोंपैकी कोणीच नव्हता; इतकेच नव्हे, तो ड्रायव्हरही नव्हता. गाभ्यातील कोणते काम केव्हा चालले याचा माग ठेवणारी ‘एफट्रेस’ नावाची नवी यंत्रणा स्टीव्हन रोस्टेड यांनी त्या सुमारास गाभ्यात आणली होती. तिची रीत अशी : प्रत्येक कार्याच्या आरंभी माग नोंदविणाऱ्या भागास हाक मारणारी एक सूचना भाषांतरकाने घालून ठेवावयाची; ते कार्य पहिल्यांदा चालले की त्या सूचनेचा पत्ता एका यादीत टिपून ठेवावयाचा; आणि मग काही काळाने यादीतील पत्त्यांवर जाऊन त्या सूचनांच्या जागी काहीही न करणाऱ्या सूचना लिहावयाच्या, म्हणजे माग नको असेल तेव्हा यंत्राचा वेळ फुकट जाणार नाही. योजना चतुराईची होती. परंतु गाभ्यात नव्याने दाखल होणाऱ्या घटकाचा जो आरंभीचा भाग असतो, तो एकदाच चालतो आणि काम सरताच त्याची जागा सोडून दिली जाते. जागा सुटली, यादीतील पत्ता राहिला. ३२ बिटी यंत्रांवर पत्त्यांचा हा टापू आखूड, आणि घटकांना तसेच उपकरणांच्या खिडक्यांना पत्ते त्याच टापूतून मिळत. काही वेळाने तोच पत्ता ‘ई१०००ई’च्या त्या कायम मेमरीकडे उघडणाऱ्या खिडकीला दिला गेला. यादी घेऊन निघालेली माग-यंत्रणा त्या पत्त्यावर पोचली ती जुन्याच समजुतीने.

येथवरही कदाचित निभावले असते, कारण ती यंत्रणा डोळे मिटून लिहीत नव्हती. ‘तेथे अपेक्षित सूचना आढळली तरच बदल’ अशी अट असलेली तुलना-विनिमयाची सूचना ती वापरीत होती. साध्या मेमरीवर ही अट पुरेशी होती. परंतु या जातीच्या यंत्रांवर तुलना फसली तरी ती सूचना लेखनाची क्रिया करितेच. फक्त जुनेच मूल्य पुन्हा लिहिते. साध्या मेमरीला जुने मूल्य पुन्हा लिहिल्याने काही होत नाही. उपकरणाच्या खिडकीत मात्र कोणतेही लेखन म्हणजे उपकरणाला दिलेली आज्ञाच. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, बोलणाऱ्याने संकेतार्थी वाक्य उच्चारले आणि ऐकणाऱ्याने ते आज्ञार्थी म्हणून ऐकले. २.६.२७.१ या पुढच्याच दुरुस्तीत ही यंत्रणा बंद ठेवण्यात आली, आणि २.६.२८ मध्ये पत्ते टिपण्याची रीतच बदलून ते काम भाषांतराच्या वेळीच होऊ लागले.

आता हे प्रकरण ‘स्मृती-वाटप’ या शब्दात बसवून पाहावे. वाटपात चूक कोठे झाली? कोठेही नाही. जागा रीतीने दिली होती, रीतीने सोडली होती, रीतीने दुसऱ्याला दिली होती. नोंदवहीत पाहाल तर एकही नोंद खोटी निघणार नाही. ज्याच्या हाती केवळ हा शब्द आहे, तो ‘ई१०००ई’च्या मजकुरातच चूक शोधीत बसेल, आणि काही आठवडे तसेच झाले. देवगडच्या भाषेत प्रश्न वेगळा उभा राहतो. जागा आज कोणाच्या नावे आहे, हे विचारल्यावर येथे आजवर कोणाकोणाची वहिवाट होती, हे विचारणे तेथे ओघानेच येते. आणि ज्याचे नाव कंसात गेले तो अजून जुना उतारा खिशात घेऊन हिंडतो आहे काय, हे तिसरे. एफट्रेसची यादी म्हणजे फेरफार न पोचलेला जुना उतारा. ज्याच्या जागेत नुकसान झाले तो आणि ज्याने नुकसान केले तो, हे एकच असतील, असे तंट्याची भाषा जाणणारा मनुष्य गृहीत धरीत नाही.

गाभ्याच्या कारागिरांनी जी शोधसाधने घडविली, ती पाहिली तर त्यांचीही वाटचाल याच दिशेने झालेली दिसते. सोडलेली जागा मुद्दाम एका ठरावीक खुणेने भरून ठेवण्याची सोय जुनी आहे. षोडशमान पद्धतीतील ‘६बी’ ही ती खूण. कोलमडलेल्या यंत्राच्या निवेदनात ‘६बी’ची रांग आढळली की जाणकार तत्काळ ओळखतो की, कोणी तरी सोडलेल्या जागेत अजून वावरत आहे. हे नाव कंसात घालणेच झाले. त्याहून पुढचे साधन म्हणजे २०१५ साली ४.० या आवृत्तीबरोबर गाभ्यात आलेले ‘कासान’. ते मेमरीच्या दर आठ घरांमागे एक छायाघर ठेविते आणि मूळ आठांपैकी कितींत पाऊल टाकणे कायदेशीर आहे, हे त्यात लिहिते. शिवाय सोडलेली जागा काही काळ कोणालाच न देता पडीक ठेविते, म्हणजे उशिरा येणारा जुना भोगवटादार सापडावा.

मला त्याच्या निवेदनाची रचना भाषिक दृष्ट्या फार लक्षणीय वाटते. जुने निवेदन एवढेच सांगे की, यंत्र अमुक सूचनेपाशी पडले. ते एककर्तृक वाक्य होते. कासानचे निवेदन तीन हकिगती एकाखाली एक देते : गैर वावर कोणी केला, ही जागा मुळात कोणी घेतली होती, आणि ती कोणी सोडली. तीन कर्ते व तीन काळ. मराठी पाठ्यलेखकाने भाषांतरासाठी एखादे उदाहरण निवडावयाचे, तर ते हे निवेदन निवडावे. त्याचे सुबोध मराठी करिताना ‘स्मृती-वाटपा’च्या मर्यादा आपोआप ध्यानात येतील.

जमिनीचे हे रूपक सर्वत्र पुरे पडते, असा दावा मात्र करिता येणार नाही. जमीन एका क्षणी एकाच्याच पायाखाली असते आणि तिचे हस्तांतर दिवसांत मोजता येते. येथे एक जागा सेकंदात सहस्र वेळा हात बदलू शकते, आणि दोन प्रक्रियक एकाच क्षणी तीवर वावरू शकतात. दुसरे असे की, काही उपकरणे मुख्य प्रक्रियकाला न विचारता स्वतःच मेमरीत लिहितात. तेव्हा ‘आता ही जागा उपकरणाकडे’, ‘आता पुन्हा प्रक्रियकाकडे’ असे स्पष्ट हस्तांतर ड्रायव्हरने सांगावे लागते; ते न सांगता मधेच वाचले, तर जुनाच मजकूर हाती लागतो. येथे मालकी बदलत नाही, फक्त ‘कडे’ बदलते. त्यामुळे या विषयावरील इंग्रजी लेखनात ‘मालकी’ या अर्थाचा शब्द सरसकट आला असला, तरी मराठीत तो तसाच आणणे चुकीचे होईल. ‘ताबा’ हाच शब्द हवा. जमिनीचे रूपक येथे लंगडे पडते, पण विभक्तिप्रत्यय पडत नाही.

कोणी म्हणेल की, पुण्या-मुंबईचा अभियंता हे सारे इंग्रजीतच वाचतो व इंग्रजीतच बोलतो. त्याला या खटाटोपाचे काय? त्याला नसेलही. परंतु ज्या विद्यार्थ्यासाठी मराठी पुस्तके काढिली जात आहेत, त्याच्या माथी इंग्रजी शब्दाची संस्कृत सावली मारणे म्हणजे त्याला दोन्ही भाषांबाहेर उभे करणे होय. ‘मेमरी’ हा शब्द तसाच ठेवण्यास माझा विरोध नाही. तो घरोघर पोचलेला आहे. ‘अलोकेशन’साठी ‘जागा देणे’, ‘फ्री’साठी ‘जागा सोडणे’, आणि सोडल्यानंतरच्या वापरासाठी ‘सुटल्या जागेची वहिवाट’ ही साधी क्रियावाचक रूपे पुरेशी आहेत. त्यांतील दुसरे विशेष, कारण ‘मोकळी करणे’ या रूढ प्रयोगात मोकळी होणारी जागाच तेवढी दिसते. ‘सोडणे’ म्हटले की सोडणारा दिसतो, आणि त्याने खरोखरच सोडली काय, हे विचारता येते.

‘मेमरी लीक’ या संज्ञेविषयी एक शब्द लिहावयाचा राहिला. तिला ‘गळती’ म्हणण्याची प्रथा पडू पाहत आहे. परंतु येथे काहीही गळत नाही, काहीही बाहेर जात नाही. ड्रायव्हरने जागा घेतली, तिचा पत्ता हरवला, आणि आता ती सोडावयास कोणी उरला नाही. नोंदवहीत ती गुंतलेलीच दिसते. गावोगाव बंद पडलेल्या घरांभोवती अशी आवारे कोकणात प्रत्येकाने पाहिली आहेत, आणि त्यांना मराठीत बेवारस म्हणतात.